टोपलीतलं दुसरं कार्ड

“आई, गेल्या सहा वर्षांत मी बारा वेळा पापनिवेदन केलंय म्हणे,” इन्सोप फोनवर म्हणाला आणि हसला.

पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, आधीच्या उपवासकाळातला तिसरा शुक्रवार होता. दुपारची मी जेवणाच्या टेबलावर आमच्या गटाची कार्डं मजल्यांप्रमाणे लावत बसले होते. एका बाजूला सुका मासा पाण्यात भिजत होता, दुसऱ्या बाजूला एकशे सात नंबरच्या इमारतीची नावं.

“कोण म्हणतं?” मी विचारलं.

“तुझं चर्च म्हणतं. आमच्या संस्थेतला प्यो पास्काला बाप्तिस्मा घेतोय. मला म्हणाला, माझा धर्मपिता हो. मी म्हटलं, बाबा रे, मी थंडावलेला माणूस, मला कोण उभं करतंय तिथं! तर हा पठ्ठ्या ऑफिसात विचारून आला. तिथल्या बाईनं कॉम्प्युटरचा पडदाच फिरवून दाखवला त्याला. पास्का, नाताळ, पास्का, नाताळ, एकही चुकलेलं नाही. आता प्यो माझ्याकडे संताकडे बघावं तसा बघतोय.”

माझ्या हातातलं कार्ड चुकीच्या मजल्यावर गेलं.

“माझ्या नावावर पापं कुठली सांगितलीस गं? निदान दणदणीत तरी सांगितलीस ना?”

“जेवलास का?”

“जेवलो.”

“आज शुक्रवार आहे. मांस नाही ना खाल्लंस?”

“आई,” तो म्हणाला, आणि त्याचं हसू थांबलेलं फोनमधूनही कळलं. “प्योला मी खरं सांगून टाकलंय. यंदाचं माझं कार्ड तुझ्याकडे आलं असेल. त्याचं काय करायचं ते तू बघ. पण मी गेलो नव्हतो, हे निदान तुला तरी माहीत असू दे.”

फोन बंद झाल्यावर मी कार्डं लावतच राहिले. एकशे सात, पाचवा मजला, दोघं नवराबायको. सहावा मजला, एकटी म्हातारी, तिला वाचून दाखवावं लागतं. हात आपोआप चालत होते आणि कान मात्र तापले होते, लहानपणी भट्टीच्या तोंडाशी फार वेळ बसलं की तापायचे तसे. एकोणीस वर्षं मी या गटाची प्रमुख आहे. तीन इमारती, एक्केचाळीस घरं. पास्काच्या आधी आणि नाताळच्या आधी प्रत्येक माणसाच्या नावाचं एक जाड कागदाचं कार्ड निघतं, नाव, बाप्तिस्म्याचं नाव आणि खाली काळ्या रेघा. ते दारोदार नेऊन द्यायचं काम माझं. माणसानं ते घेऊन कबुलीघरात जायचं, मनातलं बोलायचं, आणि गुडघ्याशी ठेवलेल्या टोपलीत कार्ड टाकून बाहेर यायचं. मग ऑफिसात नोंद होते. तीन वर्षं कार्ड आलं नाही की नाव थंडावलेल्यांच्या यादीत जातं. आमच्या चर्चच्या बावीस गटांत ती यादी सगळ्यात आखूड आमची, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते, आता सांगतेय तसंच. माझ्या तोंडावर दार आपटणाऱ्यांना मी वर्षानुवर्षं लोणच्याच्या बरण्या नेऊन दिल्यात, त्यांच्या कुत्र्यांची नावं पाठ केलीत, आणि त्यातले सतरा जण परत आणलेत. फादरांनी मागच्या वर्षी प्रवचनात म्हटलं की कोलुंबाबाईंच्या, म्हणजे माझ्या, गटात कुणी थंड पडूच शकत नाही, त्या बिचाऱ्याला तेवढी उसंतच देत नाहीत. सगळं चर्च हसलं. मी डोक्यावरचा पांढरा जाळीचा पदर पुढे ओढला, कारण मला हसण्यापेक्षा भलतंच काही येत होतं. त्या वेळी इन्सोपचं कार्ड माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात होतं.

पहिल्या वेळी तसं काही मनात नव्हतं, हे देवाला ठाऊक आहे. इन्सोपचे वडील त्या वर्षी फेब्रुवारीत गेले होते. तीन दिवस आम्ही त्यांच्याजवळ मृतांची प्रार्थना गायलो, गटातल्या सगळ्या जणी, अर्ध्या या भिंतीला, अर्ध्या त्या भिंतीला, एक ओळ त्यांची, एक ओळ आमची. संतांची नावं एकामागून एक, आणि प्रत्येक नावानंतर त्याच्यासाठी विनंती करा, त्याच्यासाठी विनंती करा. सूर मी धरला होता. ज्यानं तो सूर जवळून ऐकलाय त्याला ठाऊक आहे की तो रडण्याला पाट काढून देतो, पाणी कुठंही जात नाही, शेतातच जातं. इन्सोप त्या तीन दिवसांत गायला नाही. बुटांच्या फडताळाशी उभा राहून येणाऱ्यांना वाकून नमस्कार करत होता. मला वाटलं, पुरुषमाणूस आहे. मग पास्का आला, मी माझं कार्ड घेऊन रांगेत उभी राहिले, त्याचं कार्ड त्याला द्यायचं म्हणून पुस्तकात ठेवलेलं होतं. तो संस्थेतून उशिरा सुटत होता, मी दोनदा विचारलं, तो बघतो म्हणाला. आत गेले, माझी पापं सांगितली, क्षमा घेतली, उठताना टोपलीकडे हात गेला आणि हातात दोन्ही कार्डं होती. दोन्ही टाकली. टोपलीनं काही आवाज केला नाही. बाहेर आले तर गायकवृंद सरावाला बसला होता आणि उजेड नेहमीसारखाच जमिनीवर रंगीत पडला होता. त्यानंतरच्या नाताळला मी त्याला विचारलंसुद्धा नाही. म्हटलं, राहू दे, दुःखातून वर येईल, तोवर त्याची जागा तर राखून ठेवू. बसमध्ये आपण रुमाल टाकून जागा धरत नाही का? आणि दर वेळी क्षमा मागताना मी बारीकसारीक सगळं सांगत होते, शेजारणीचा राग, प्रार्थनेतली झोप, सुनेच्या जागी कुणी येत नाही म्हणून देवाशी घातलेला वाद. ही एक गोष्ट पाप म्हणून कधी ओठांवर आलीच नाही. ती मला सेवेच्या खात्यात दिसत होती.

आमचं घराणं जुन्या भाविकांचं. शहरात हे दोन शब्द उच्चारले की लोक जरा सरकून जागा देतात. आजोबांची वाडी डोंगरात होती, अकरा घरं, अकराही कुंभारांची. ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या काळात आमचे पूर्वज तिथं पळून गेले आणि रांजण घडवू लागले, कारण कुंभाराला कुणी घरात घेत नाही आणि त्यामुळे कुणी त्याच्या घरातही डोकावत नाही. फादर वर्षातून दोनदाच यायचे, वसंतात आणि शरदात. बाकीच्या रविवारी आजोबांच्या ओटीवर सगळी वाडी मांडी घालून बसायची, चिखल खरवडून पांढरे कपडे घातलेली, आणि आजोबा उपदेश गायचे. बोलायचे नाहीत, गायचे. त्यांना वाचता येत होतं, पण जमलेल्यांतल्या निम्म्यांना येत नव्हतं, आणि आजोबांचं म्हणणं असं की बोललेलं डोंगर उतरेपर्यंत टिकत नाही. डोळे मिटून, तळहातानं मांडीवर ताल धरून ते सुरुवात करायचे, आणि दर दोन ओळींनी बायका शेवटचा शब्द उचलून घ्यायच्या. पाळायच्या नेमांचं गाणं तर मला अजून झोपेतून उठवलंत तरी येतं:

सहा दिवस मातीचे गं, सातवा धन्याचा,
चाक थांबव, हात धू, ओटीवर ये.
वर्षातून एकदा तरी मन पालथं घाल,
तळाला जे साचलं ते उजेडाला दे.
पास्काची भाकर आली दारी, उपाशी नको राहू,
शुक्रवारी मांस नको, आठव कुणाचं ते.
देवळाच्या चुलीमध्ये तुझंही लाकूड घाल,
स्वर्गाचा धनी बघतो रे, कोण कुठं आहे.

शेवटच्या ओळीला आजोबांचा आवाज खाली उतरायचा, दम देण्यासाठी नाही, कुणीतरी दिवा घेऊन शोधायला निघावं तसा. मी आजवर मोठमोठ्या देवळांतली प्रवचनं ऐकली, आकडे देणारी, विनोद करणारी, पडद्यावर चित्रं दाखवणारी. चांगली असतात. पण घरी येऊन भांडी घासताना तोंडात येतं ते आजोबांचंच.

फादर येण्याच्या आदल्या महिन्यात वाडी त्या गाण्यानं घुमायची, कारण फादर आधी परीक्षा घ्यायचे. लहानापासून म्हाताऱ्यापर्यंत एकेकाला समोर बसवून नेम विचारायचे, प्रार्थना विचारायचे. ज्याला आलं त्यानंच पापनिवेदनाला जायचं, ज्याला आलं नाही त्यानं पुढल्या फेरीपर्यंत थांबायचं. मी नऊ वर्षांची असताना फादरांनी विचारलं, “नेम सांग,” आणि मला साध्या बोलण्यात एक शब्द आठवेना. मी गायला लागले. परदेशी फादर, लालबुंद दाढीचे, त्यांनी पेन खाली ठेवलं. सगळं गाणं झाल्यावर म्हणाले, “शेवटची ओळ परत.” मी परत गायले. त्या दिवशी मी ओटीवरून उतरले ती जमिनीला पाय न लावता. पण माझ्यानंतर माझा थोरला भाऊ बसला, आणि तो अडकला. त्याला येत होतं, सकाळपर्यंत येत होतं. आजोबा फादरांच्या शेजारी बसलेले, वाडीचे प्रमुख म्हणून. एक सूर नुसता गुणगुणले असते तर भावाला सगळं आठवलं असतं. ते भिंतीकडे बघत बसले. संध्याकाळी, या खेपेला कोणाकोणाला थांबायचंय ती नावं त्यांनाच वाचायची होती, आणि त्यांनी पहिलं नाव वाचलं ते आपल्या नातवाचं, घराण्याच्या नावासकट, इतरांची वाचली त्याच आवाजात. आईनं पदरात तोंड लपवलं. भाऊ मात्र उभा होता, रडला नाही. आजोबांनी यादी घडी करून ठेवली आणि त्याला म्हणाले, “चल, लाकडं फोडायचीत.” वर्षभर मला आजोबांचा राग होता. मोठी झाल्यावर हीच गोष्ट मी अभिमानानं सांगू लागले, गटाच्या बैठकीत, बार्लीचा चहा पिताना.

पुढच्या बुधवारी संध्याकाळच्या मिस्साच्या उपासनेआधी पापनिवेदनाची रांग लागली तेव्हा माझ्या पुस्तकात पुन्हा दोन कार्डं होती. आणली कशाला, हे मला सांगता येणार नाही. घरी ठेवून निघाले होते. लिफ्टपर्यंत गेले आणि परत येऊन घेतली. माझ्यापुढे अगाथाबाई, ब्याऐंशी वर्षांच्या, गुडघ्यांना पट्टे बांधलेल्या.

“काय गं कोलुंबा, आज चेहरा असा का? मोठं पाप केलंस की काय?”

“तुमच्याएवढी संधी कुठं मिळते आम्हाला!”

“मला आता पापंच सुचत नाहीत बघ. मागल्या खेपेला फादरांना म्हटलं, तुम्हीच काही सुचवा. शेवटी सुनेच्या सूपाला नावं ठेवली ते सांगितलं.” मग त्या मागच्या नव्या मुलीकडे वळल्या, जिनं मागच्याच नाताळला बाप्तिस्मा घेतला होता. “हिला ओळखतेस ना? जुन्या भाविकांचं घराणं. हिच्या खापरपणजीनं धर्मासाठी जीव दिला. सांग गं हिला ती गोष्ट, रांग पुढं तरी सरकेल.”

मी सांगितली. शंभर वेळा सांगितलेली गोष्ट तोंड आपणहून सांगतं. अनास्तासिया, आजोबांची आजी, अंगावर पिणारं मूल असताना पकडली गेली. तालुक्याच्या तुरुंगातला कारकून भला माणूस होता, त्याचीही बायको नुकतीच बाळंत झालेली. तो तिला म्हणाला, बाई, तू काही बोलू नकोस, नुसती गप्प बस. मीच लिहितो की हिनं धर्म सोडला. तुझ्या तोंडून खोटं निघणार नाही, आणि तू मूल घेऊन घरी जा. अनास्तासियानं विचारलं, “कागदावर नाव कोणाचं असेल?” तो म्हणाला, “तुझंच.” तर म्हणाली, “मग हात तुमचा नको.” मूल तिनं बहिणीकडे दिलं. त्या हिवाळ्यात ती तुरुंगातच वारली. ते मूल वाढलं, त्याची आम्ही लेकरं. नव्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, नेहमी येतंच कुणाच्या तरी. अगाथाबाई म्हणाल्या, “तो कारकूनही वाईट नव्हता हो,” आणि उठून आत गेल्या.

मी तिथंच उभी. पुस्तकाच्या पानांतून दोन कार्डांच्या कडा बोटाला लागत होत्या. इतकी वर्षं ही गोष्ट सांगताना मी कायम अनास्तासियाच्या अंगाला अंग लावून उभी असायचे. तिचा थंडावा, तिच्या ताठ पाठीचा आधार मला माझाच वाटायचा. कारकुनाचं तोंड कसं असेल हे कधी मनात आलं नव्हतं. आता आलं. मऊ, काळजीवाहू तोंड. शाई वाळू नये म्हणून पुन्हा पुन्हा बुडवलेला कुंचला. आईसारखाच होता तो. त्याचं काय चुकलं? त्याला तिची कीव होती, आणि कीव आल्यावर माणसाला वाटतं की दुसऱ्याचं नाव आपल्या हातात आलं. मी बारा वेळा लिहिलं होतं. गप्प बस, बाळा, तू काही बोलू नकोस. आणि माझ्या मुलानं शुक्रवारी दुपारी मला फोन करून, जरा हसून, तेच विचारलं होतं की कागदावर नाव कोणाचं आहे. हे लक्षात आलं तेव्हा मला आधी लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण तिच्या खालून, खरं सांगते, भट्टी उघडल्यावर येते तशी दुसरीच ऊब वर येत होती. घराण्याचं रक्त मी नुसतं गोष्टीत सांगत होते, ते तिकडे इन्सोपच्या एकशे पाच नंबरच्या इमारतीत, थंडावलेल्या माणसाच्या अंगात, वाहत होतं.

आत गेले. नवे फादर इन्सोपच्याच वयाचे, जाळीमागे त्यांना सर्दी झालेली ऐकू येत होती. मी रीतसर सुरुवात केली आणि मग सांगितलं. मुलाचं कार्ड. सहा वर्षं. बारा वेळा.

“त्याच्या वतीनं पापंही सांगितलीत का?” फादरांनी विचारलं.

“नाही, फादर. ती मला माहीत नाहीत.”

“कधी विचारलंत?”

मी म्हटलं, नाही. त्यांनी नाक पुसलं, मग हळू आवाजात म्हणाले की देव माझ्या मायेवर रागावलेला नाही, आणि प्रायश्चित्त म्हणून जपमाळेचं एक दशक म्हणा. एक दशक! दहा मणी! बारा वेळच्या खोटेपणाला! मला अपमान झाल्यासारखं वाटलं. अगाथाबाईंना सुनेच्या सूपासाठी तेवढंच मिळत असणार. उठताना टोपलीकडे हात गेला, तिथं मी एकच कार्ड टाकलं, माझं, आणि आवाज आला. आधीही येत असेल. बाहेर येऊन दहाच्या दहा मणी मोजून म्हटले, आज्ञा ती आज्ञा. मग मिस्साला पंधरा मिनिटं होती म्हणून ऑफिसात गेले.

ऑफिसातली युलिआना माझ्या हाताखाली गट शिकलेली मुलगी, आता दोन मुलांची आई. मी तिला म्हटलं, माझ्या मुलाच्या नोंदी पुसायच्या आहेत. तिला वाटलं, चुकून दुसऱ्याच्या पडल्यात.

“चुकून नाही. मी टाकल्यात. त्यानं पापनिवेदन केलेलं नाही.”

तिनं हात कीबोर्डवरून काढला. मग इकडेतिकडे बघून म्हणाली, “ताई, राहू द्या ना. कोण बघतंय? मागचं गेलं मागे. या पास्कापासून नका टाकू, म्हणजे तीन वर्षांनी नाव आपोआप यादीत येईल.”

“म्हणजे आणखी तीन वर्षं तो भाविक म्हणून खोटा?”

“अहो, लोक यादीतून नाव काढायला येतात. घालायला कुणी आल्याचं ऐकलं नाही मी!”

“आता ऐकलंस. लिही.”

“फादरांची सही लागेल.”

“आणते.” आणि मी आणली, त्यांच्या अंगावर अर्धा झगा चढलेला असताना, मिस्साला पाच मिनिटं उरलेली असताना. सही करताना त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. युलिआनानं पडद्यावर एकेक ओळ उघडली आणि पुसली. मी मोजत होते. अकरावी पुसताना ती थांबली आणि म्हणाली, “नाव परत एकदा सांगता? खात्री करून घेते.” दारात गायकवृंदातले दोघे पेटीची किल्ली मागायला आले होते, मागच्या बाकावर अगाथाबाई गुडघे चोळत बसल्या होत्या. मी नाव सांगितलं, घराण्याच्या नावासकट, बाप्तिस्म्याच्या नावासकट. कू इन्सोप, मत्तिया. अगाथाबाईंची मान वर झाली. माझ्या आवाजात कंप नव्हता. आजोबांनी तो आवाज कुठून आणला होता हे मला त्या दिवशी कळलं. वाटतं त्याहून सोपं असतं. माणूस आपला असला की त्याचं नाव मोठ्यानंच घ्यावंसं वाटतं.

शनिवारी सकाळी मी इतर घरांना जाते तशीच निघाले. पायात चर्चला जायचे बूट, हातात यादी आणि उरलेली कार्डं. लोणचं घेतलं नाही. एकशे पाच, आठवा मजला. दारावर मीच लावून दिलेली, भाविकाचं घर असं सांगणारी छोटी पितळी पट्टी होती. ती त्यानं काढली नव्हती. किल्ली माझ्या पिशवीत असते, तरी मी बेल वाजवली.

इन्सोपनं दार उघडलं. दाढी वाढलेली, हातात चहाचा पेला. “आई? किल्ली हरवली का?”

“नमस्कार,” मी म्हटलं. “चर्चमधून आले. मी या गटाची प्रमुख, कोलुंबा. दोन मिनिटं वेळ आहे का तुम्हाला?”

तो हसेल असं वाटलं होतं. त्यानं पेला फडताळावर ठेवला. माझ्या हातातली यादी बघितली, मग माझं तोंड बघितलं, आणि शर्टाचं वरचं बटण लावलं.

“आहे,” तो म्हणाला. “या ना आत. बसा.”

एकोणीस वर्षं मी दर थंडावलेल्या माणसाला एकच प्रश्न विचारत आले. विचारून लगेच पुढचं वाक्य बोलायची मला सवय, कारण उत्तरं ठरलेली असतात. वेळ नसतो, रविवारी मुलांचे क्लास असतात, आधीचे फादर काहीतरी बोललेले असतात. आज विचारलं आणि पुढचं वाक्य गिळलं.

“यायचं का थांबवलंत? काही अडचण आहे का?”

त्यानं मान खाली घातली. सांडशीत धरल्यासारखे त्यानं दोन्ही हात गुडघ्यांत धरले होते.

“वडील गेले त्या दिवशी आई दवाखान्यातून कपडे आणायला घरी गेली होती,” तो म्हणाला. “जाताना सांगून गेली, जरा कमीजास्त वाटलं की लगेच फादरांना फोन कर, मरणाआधीचा तेलाचा संस्कार राहायला नको. वाटलं मला कमीजास्त. पण फोन केला की वडील मरतात, असं काहीतरी डोक्यात बसलं. मी तासभर फोन हातात धरून बसलो. मग केला. फादर धावत आले, तोवर झालं होतं. आईला वाटलं, फादरांना उशीर झाला. मी काही बोललो नाही. त्या पास्काला मी रांगेत उभा राहिलो होतो, पुढे चौघं होते, आणि मी मनात दुसरीच पापं जुळवत होतो. दोन मिस्सा चुकल्या, साहेबाला शिव्या दिल्या. ती सगळी तयार होती तोंडात. ती सांगून क्षमा घेऊन बाहेर येता आलं असतं. मी रांगेतून निघून गेलो. जे आहे ते सांगता येत नसेल तर दुसरं सांगायला जायचं नाही, असं ठरवलं. एवढंच.”

सहा वर्षं मी त्या जुन्या फादरांना वेदीपाशी बघून मनात तोंड फिरवत होते. ते दुसऱ्या गावी गेले तेव्हा निरोपाच्या जेवणाला मी गेले नव्हते. आणि इन्सोपचे वडील, त्या एका तासात, संस्काराशिवाय. आई म्हणून तोंड उघडलं असतं तर त्या घरात काय झालं असतं मला माहीत नाही. पण दारातून आत आली होती ती गटप्रमुख होती, आणि तिला तिचं काम ठाऊक होतं. समोर बसलेल्या माणसाला सहा वर्षं खोट्याची वाट मोकळी होती, सोपी, सगळ्यांनी वापरलेली. एकदाही तो तिच्यावर पाय ठेवून गेला नव्हता. तोही देवाचा नेमच पाळत होता, एकटा, रांगेबाहेर उभा राहून.

“हे सांगितल्याबद्दल आभारी आहे,” मी म्हटलं. आवाज नीट निघाला. “तुमच्या आईला हे कळायला हवं. पण ते तुम्ही तिला केव्हा सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी चर्चमधून आलेय, मी कुणाला काही सांगत नाही.”

मग मी यादीतून त्याचं कार्ड काढलं. “हे तुमचं. यंदाचं. फादर रोज संध्याकाळी मिस्साआधी अर्धा तास बसतात. पास्का झाल्यावरही बसतात. हे तुमच्याशिवाय कुणी टाकणार नाही.”

तो उठून उभा राहिला. कमरेतून वाकला आणि कार्ड त्यानं दोन्ही हातांनी घेतलं, नवं, कुणी पूर्वी कधी दिलंच नव्हतं असं. येतो म्हणाला नाही, येत नाही म्हणाला नाही. माझे बूट त्यानं दाराकडे तोंड करून ठेवले, घालायला सोपे जावेत असे.

लिफ्ट खाली होती, मी जिन्यानं चढले. नववा मजला, नऊशे चार. इथली बाई अकरा वर्षं दार उघडत नाही, आतूनच नाव विचारते आणि नाही म्हणते. मी जरा थांबून श्वास खाली बसू दिला, पाठ ताठ केली आणि बेल दाबली. आत चपला वाजल्या, दारापाशी येऊन थांबल्या.

“कोण आहे?”

“कोलुंबा,” मी म्हटलं, जिनाभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. “खालच्या मत्तियाची आई.”